साचा कुणाचा, मजुरी कुणाची?

कणकवली तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही आज तुमच्याशी साच्याबद्दल बोलणार आहोत.

साचा म्हटले की आपल्याला आधी स्वयंपाकघर आठवते. मोदकाचा साचा, शिरवाळ्यांचा साचा, चकलीचा सोऱ्या. गुढीला घालायच्या साखरेच्या गाठीसुद्धा साच्यातूनच निघतात. लाकडी फळीत नक्षीचे खळगे कोरलेले असतात, त्यांतून दोरा ठेवायचा, वरून साखरेचा पाक ओतायचा, पाक थिजला की फळ्या उघडायच्या. दोऱ्यात ओवलेली माळ तयार. एवढ्याशा कामात ओतकामाची सगळी विद्या आलेली आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या गटांत एक नवा साचा आला आहे. मऊ, रबरासारखा, दाबला की वाकणारा आणि सोडला की पुन्हा जागेवर येणारा. हा सिलिकॉनचा साचा. साबण, मेणबत्त्या, चॉकलेट, धूप, देवाच्या छोट्या मूर्ती, सगळे त्यात होते. प्रशिक्षणात तो दाखवतात, बाजारात तो तयार मिळतो. बैठकीत बायका विचारतात, कुठे मिळतो, केवढ्याला मिळतो, एकातून किती नग निघतात? प्रश्न बरोबर आहेत. पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. या साच्यातली पहिली वस्तू कुणी घडवली? आणि साचा कुणाच्या मालकीचा आहे?

हा प्रश्न नवा नाही. आपल्या महाराष्ट्रात तो निदान दोन हजार वर्षांचा आहे. म्हणून आज थोडा इतिहास.

ठसा आणि साचा

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर तुमच्यापैकी पुष्कळ जणी गेल्या असतील. किल्ल्याचे काम १६६४ मध्ये सुरू झाले. तिथे दोन छोट्या घुमट्या आहेत आणि त्यांत चुन्यात उमटलेला एक हाताचा व एक पायाचा ठसा आहे. शिवाजी महाराजांचे ठसे म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहेत.

साचा म्हणजे काय हे समजायला याहून सोपे उदाहरण नाही. ओला चुना मऊ असतो. त्यावर हात दाबला की जिथे हाताचा उंचवटा तिथे चुन्यात खळगा पडतो. चुना सुकून दगडासारखा होतो आणि खळगा तसाच राहतो. आता त्या खळग्यात कुणी मेण ओतले तर पुन्हा हात बाहेर येईल. पहिली वस्तू सरळ, साचा उलटा, त्यातून निघालेली वस्तू पुन्हा सरळ. मातीचा साचा असो, धातूचा असो की सिलिकॉनचा, नियम हाच.

ठसा मात्र एकाच बाजूचा असतो. हाताचा तळवा उमटतो, पाठ उमटत नाही. चहूबाजूंनी गोल वस्तू काढायची तर काय करायचे? याचे उत्तर मराठवाड्यातल्या एका गावाने फार पूर्वी शोधले होते.

तेरच्या बाहुल्या

धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गाव आपल्याला गोरोबाकाकांमुळे माहीत आहे. संत गोरा कुंभार तेरचे. पण गोरोबांच्या कितीतरी आधी, सातवाहनांच्या काळात, तेर ही मोठी बाजारपेठ होती. तिचे तेव्हाचे नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख आहे. इथला माल बंदरांवर जाई आणि तिथून पश्चिमेच्या देशांत.

तेरमध्ये पांढऱ्या बारीक मातीच्या लहान लहान मूर्ती सापडल्या आहेत. या मातीला केओलिन म्हणतात, आपण चिनी माती म्हणतो त्यातलीच ती. स्त्रियांच्या मूर्ती आहेत, केसांची बांधणी, डोक्यावरचे दागिने, कानातली भूषणे, सगळे बारकाव्याने आलेले. या मूर्ती दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. एक साचा पुढच्या बाजूचा, दुसरा मागच्या बाजूचा. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, मग दोन्ही अर्धे ओले असतानाच जोडायचे आणि जोड पुसून टाकायचा. मूर्ती आतून पोकळ राहते, म्हणून हलकी होते आणि भट्टीत सहसा तडकत नाही. पैठण, नेवासे अशा ठिकाणीही या जातीच्या मूर्ती मिळाल्या आहेत. तेरच्या वस्तू आज गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात पाहायला मिळतात. लामतुरे हे तेरचेच. या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या.

दुहेरी साचा आला आणि एका कारागिराचे काम दोघांत वाटले गेले. एक जण मूळ मूर्ती घडवणार, त्याच्या हातात कला आणि डोळ्यांत नजर हवी. दुसरा साच्यात माती दाबणार, त्याच्या हातात सफाई आणि वेग हवा. पहिल्याने एक मूर्ती केली की दुसऱ्याला शेकडो काढता येतात. माल स्वस्त होतो, दूरच्या बाजारात जातो, ही साच्याची मोठी देणगी. पण त्याच दिवशी घडवणाऱ्याचे आणि भरणाऱ्याचे काम वेगळे झाले, हेही लक्षात ठेवू.

मेण जाते, मूर्ती राहते

धातूच्या ओतकामात वेगळी युक्ती चालत आली. आधी मेणाची मूर्ती करायची. तिच्यावर मातीचे लेप द्यायचे आणि एक वाट ठेवायची. सगळे तापवले की मेण वितळून त्या वाटेने निघून जाते, आत पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेले पितळ किंवा कांसे ओतायचे. थंड झाले की माती फोडायची. प्रत्येक वेळी साचा मोडतो, म्हणून मूर्तिगणिक नवे मेण आणि नवी माती लागते.

ओतकामाची ही परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे याचा अंदाज दायमाबादवरून येतो. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी हे गाव आहे. १९७४ मध्ये तिथे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ अशा चार भरीव धातुमूर्ती सापडल्या. चौघांचे मिळून वजन ६० किलोहून जास्त आहे. ओतारी मंडळींचे काम किती जुन्या वाटेने आले आहे, ते यातून दिसते.

पंचांगातली अक्षरे

आता एकदम जवळच्या काळात येऊ, कारण साच्याची मालकी म्हणजे काय ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसते. निर्णयसागर पंचांग हे नाव तुमच्या सासूबाईंनी, आजीने नक्की घेतलेले असेल. जावजी दादाजी चौधरी यांनी मुंबईत १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्या काळी छपाई शिशाच्या एकेका अक्षराने होई. त्या अक्षराला मराठीत खिळा म्हणत आणि कामाला खिळे जुळवणे.

जावजी गरीब घरातले. लहान वयात ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागले. म्हणजे दुसऱ्याच्या साच्यातून निघालेला माल साफ करायचा. पुढे त्यांनी अक्षरे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला. त्यांना साथ मिळाली राणोजी रावजी आरू या कारागिराची.

खिळा कसा बनतो ते ऐका. पोलादाच्या दांडीच्या टोकावर कारागीर एक अक्षर उलटे कोरतो. हे मूळ. मग ती दांडी तांब्याच्या तुकड्यावर ठोकतात, तांब्यात अक्षराचा खळगा पडतो. हा साचा. त्या साच्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा तयार. एका तांब्याच्या साच्यातून हजारो खिळे निघतात. पण पोलादावरचे ते एक अक्षर बिघडलेले असेल तर हजारो खिळे बिघडलेलेच निघणार. आपल्या देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे. त्यामुळे असे शेकडो साचे करावे लागत.

आरूंनी कोरलेली अक्षरे इतकी देखणी होती की निर्णयसागरची छपाई देशभर नावाजली गेली. त्यांच्या कारखान्यातले खिळे दुसरे छापखानेही विकत घेत. खिळे घासणारा मुलगा खिळ्यांच्या साच्यांचा मालक झाला. मेहनत तर तो आधीही करत होता. फरक पडला तो साचा हातात आल्यामुळे, आणि मूळ कोरणारा चांगला कारागीर सोबत असल्यामुळे.

प्लॅस्टर आणि गणपती

एकोणिसाव्या शतकात आणखी एक वस्तू आपल्याकडच्या कलाशाळांत रुळली, ती म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिस. जिप्सम नावाचा खनिज दगड भाजून त्याची पूड करतात. पुडीत पाणी घातले की थोड्याच वेळात ती पुन्हा दगडासारखी घट्ट होते. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. तिथले एक विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा केला. नऊवारी नेसलेली, हातात पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली मराठी बाई. हा पुतळा प्लॅस्टरचा आहे. लुगड्याची चूण न्‌ चूण त्यात दिसते. आधी मातीत घडवायचे, त्यावर प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, माती काढून टाकायची आणि त्या साच्यात पुन्हा प्लॅस्टर ओतायचे, अशी या कामाची रीत असते. आपल्यासारखी एक बाई देवळाला निघाली आहे, एवढ्याशा विषयाने म्हात्रे यांचे नाव देशात झाले.

प्लॅस्टर पुढे गणपतीच्या कारखान्यांत शिरले. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून सार्वजनिक उत्सवाला चालना दिली. मूर्तींची मागणी वाढत गेली. रायगड जिल्ह्यातले पेण हे या कामाचे केंद्र झाले. देवधर घराण्याचे नाव पेणच्या मूर्तिकलेशी जोडलेले आहे. आज पेणबरोबर हमरापूर, जोहे अशा आसपासच्या गावांतही घरोघर मूर्ती होतात. तिथे काम साच्याचे आहे. एक कसलेला मूर्तिकार मूळ मूर्ती घडवतो, तिच्यावर साचा घेतात आणि साच्यातून मूर्ती निघत राहतात. कच्च्या मूर्ती रंगवायला बाहेरगावी जातात. या कामात बायका मोठ्या संख्येने आहेत. भरणे, घासणे, रंगवणे.

आपल्या सिंधुदुर्गात रीत वेगळी राहिली. आपल्याकडे गणपतीची शाळा असते. घरचा पाट शाळेत नेऊन द्यायचा, मूर्तिकार त्याच पाटावर शाडूचा किंवा चिकण मातीचा गणपती घडवतो आणि चतुर्थीला तो डोक्यावरून घरी येतो. कुणाला बसलेला हवा, कुणाला उंदरावर, कुणाला आजोबांच्या वेळी होता तसाच. पुष्कळ शाळांत आजही अंग हाताने घडवतात, आणि साचा वापरलाच तर तो मूर्तिकाराचा स्वतःचा असतो.

प्लॅस्टरची मूर्ती हलकी, स्वस्त आणि चकचकीत. पण ती पाण्यात सहज विरघळत नाही. गडनदीत, जानवलीत सोडली तर तिचे तुकडे तसेच पडून राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये आपल्या सूचना सुधारल्या आणि प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. त्यावर न्यायालयांत बरेच वाद झाले. पण एक दिशा दिसते, मातीच्या मूर्तीला पुन्हा भाव येतो आहे. आपल्या जिल्ह्याने जी रीत सोडली नाही, तीच आता इतरांना हवी आहे.

मऊ साचा का लागला

कडक साच्याची एक अडचण जुनीच आहे. देशावर गौरीचे मुखवटे असतात ना, त्यातला एक डोळ्यांसमोर आणा. नाकात नथ, कानाशी उभे दागिने, केसांची लट पुढे आलेली. नथीच्या मागे पोकळी आहे. तिथे प्लॅस्टरचा साचा घेतला तर प्लॅस्टर नथीच्या मागे जाऊन अडकते. ओढले तर नथ मोडते किंवा साचा मोडतो. म्हणून जुने कारागीर एकाच मुखवट्याला पाच-सहा तुकड्यांचा साचा करत आणि ते तुकडे कोड्यासारखे जुळवून ठेवत. ते मोठे कौशल्याचे काम होते.

मऊ साचा असेल तर ही अडचण राहत नाही. घट्ट बांगडी काढताना हात जसा आवळून घेतो, तसा मऊ साचा वाकतो आणि अडकलेल्या जागेतून सुटतो. पूर्वी यासाठी सरस वापरत, जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला. सरसाचा साचा बारकावा छान पकडतो, पण उष्णतेने मऊ पडतो आणि थोड्याच नगांत खराब होतो. मग रबराचा चीक आला. आपल्या दोडामार्गात रबराच्या बागा आहेत, त्या झाडांचा पांढरा चीक तुम्ही पाहिला असेल. तो थरावर थर देऊन वाळवायचा. साचा चिवट होतो, पण वेळ फार लागतो.

सिलिकॉन त्यानंतरचे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पदार्थांना हे नाव दिले. त्यांच्या प्रयोगांत चिकट, डिंकासारखे पदार्थ तयार होत. त्यांचा व्यवहारात फारसा उपयोग होईल असे खुद्द किपिंगना वाटत नव्हते. १९४० मध्ये अमेरिकेत यूजीन रोचो यांनी ते मोठ्या प्रमाणावर करण्याची रीत शोधली आणि कारखाने निघाले. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. तिथल्या धुळीत उमटलेल्या बुटाच्या ठशाचे चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिले आहे. त्या बुटाचा तळ सिलिकॉन रबराचा होता. इथे चुन्यात पाय उमटला, तिथे चंद्राच्या धुळीत.

सिलिकॉनचे मूळ वाळूत आहे. वाळूतल्या सिलिकापासून सिलिकॉन हे मूलद्रव्य काढतात आणि त्यावर पुढच्या प्रक्रिया होतात. सिलिका वाळू म्हटल्यावर कणकवलीकरणीला वेगळे सांगायला नको. आपल्या तालुक्यातल्या कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणी आहेत. ही वाळू काचेला लागते आणि लोखंडाच्या ओतकामाचे साचे करायलाही लागते. ट्रक भरून वाळू घाटावर जाते. आपल्या हाती येतो तो दुसरीकडे घडलेला, पाकिटात बंद केलेला साचा, त्यावर दुसऱ्या कुठल्या मुलखातले गुलाबाचे फूल किंवा परी. वाळू आपली, हात आपले, पण मधले जे घडवायचे काम आहे, ते आपल्याकडे नाही. मैत्रिणींनो, आमचे म्हणणे सगळे या मधल्या कामाबद्दल आहे.

साचा घरी कसा होतो

हे काम अवघड आहे का? शिकायला हवे, पण आवाक्यातले आहे. थोडक्यात सांगतो.

आधी मूळ वस्तू. ती शाडूची, लाकडाची, मेणाची चालते. माती आणि लाकूड ओलावा पितात, म्हणून त्यावर आधी लाखेचा किंवा पॉलिशचा हात द्यायचा आणि वर व्हॅसलीनचा अगदी पातळ लेप. जाड लेप दिला तर बारकावा बुजतो. मूळ वस्तूवर बोटाचा ठसा राहिला असेल तर तोसुद्धा प्रत्येक नगावर येईल. सिलिकॉन इतके बारीक पकडते.

मग त्या वस्तूभोवती पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी करायची. वस्तू आणि पेटी यांत चहूबाजूंनी बोटभर जागा हवी. पेटीत किती सिलिकॉन लागेल ते आधी तांदूळ भरून मोजून घ्यायचे, म्हणजे महाग माल वाया जात नाही.

सिलिकॉन दोन भागांत येते, पातळ पिठासारखा एक भाग आणि घट्ट करणारा दुसरा. एका प्रकारात दुसरा भाग अगदी थोडा घालायचा असतो, त्यात कथिलाचे संयुग असते. दुसऱ्या प्रकारात प्लॅटिनम असते आणि दोन्ही भाग बहुधा सारखे घेतात. डब्यावर लिहिलेले प्रमाण वजनकाट्यावर मोजायचे, अंदाजाने नाही. खाण्याच्या वस्तूंसाठी, म्हणजे मोदक, चॉकलेट यांसाठी, अन्नासाठी चालणारे असे स्पष्ट लिहिलेले प्लॅटिनमचेच सिलिकॉन घ्यायचे. कथिलाच्या प्रकारात फक्त मेणबत्ती, मूर्ती, शोभेच्या वस्तू. आणखी एक, प्लॅटिनमच्या सिलिकॉनला गंधकाचे वावडे आहे. गंधक असलेली तेलमाती किंवा रबरी हातमोजे लागले तर ते तिथे चिकटच राहते, घट्ट होत नाही.

मिसळताना हवेचे बुडबुडे होतात. म्हणून आधी ब्रशने वस्तूवर पातळ थर द्यायचा. मग पेटीच्या एका कोपऱ्यात, उंचावरून, दोऱ्यासारखी बारीक धार धरायची. वरून थेट वस्तूवर ओतायचे नाही. पातळी आपोआप चढत जाते आणि हवेला बाहेर पडायला वाट मिळते. डब्यावर सांगितलेला वेळ थांबायचे, घाई करायची नाही.

मोठ्या वस्तूसाठी नुसते सिलिकॉन पुरत नाही. ते मऊ असल्याने माल ओतला की फुगते आणि वस्तू वेडीवाकडी होते. म्हणून त्याला बाहेरून प्लॅस्टरचे कडक कवच करतात. वरचा बारकावा कितीही चांगला असो, त्याला धरणारा आधार भक्कम लागतो. मालवणच्या राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, तेव्हा हे सगळ्या जिल्ह्याने दुःखाने पाहिले. आपले काम लहान आहे, पण आधाराचा धडा लहान-मोठ्या सगळ्या कामांना सारखाच.

मालकी कशी ठेवायची

आता मूळ प्रश्नाकडे. आमच्या बैठकांत एक अनुभव पुन्हा पुन्हा येतो. व्यापारी साचे आणून देतो, कच्चा माल देतो, नगामागे मजुरी ठरवतो. बायका रात्री जागून नग काढतात. सणाआधी काम जोरात आणि सण संपला की व्यापारी साचे परत घेऊन जातो. गटाकडे काय राहते? थोडे पैसे आणि हाताला बसलेली सवय. पुढच्या वर्षी तोच साचा दुसऱ्या गावात जास्त स्वस्तात भरून मिळाला तर तो तिकडे जातो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. साचा त्याचा आहे.

बाजारातून तयार साचा आणला तर आपण मजुराच्या मालकीण होतो, पण तोच साचा गावोगाव विकला जातो. आपला साबण आणि शेजारच्या तालुक्यातला साबण सारखाच दिसतो. मग उरते फक्त भाव पाडण्याची चढाओढ.

मूळ आपले असेल तर गोष्ट बदलते. आपल्याकडे मुळांची काय कमी आहे? सावंतवाडीची लाकडी फळे आहेत. पिंगुळीची चित्रकथी आहे. दशावतारातले मुकुट आहेत. कोकमाचे फळ, काजूचे बोंड, मालवणच्या किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, चतुर्थीच्या माटोळीला बांधतात त्या रानातल्या वस्तू. काजूच्या बोंडाचा साबण पाहिला की कुणीही म्हणेल, हा कोकणातला. असे मूळ घडवायला कारागीर गावातच आहे. गणपतीच्या शाळेतला मूर्तिकार चतुर्थीनंतर मोकळा असतो. त्याला रीतसर पैसे द्यावेत, कागदावर लिहून घ्यावे की हे मूळ गटासाठी केले आहे आणि त्याच्यावरून साचे काढण्याचा हक्क गटाचा आहे. त्याचे नाव पाकिटावर छापावे. राणोजी आरूंचे नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी ते नोंदवले.

याची दुसरी बाजूही पाळायला हवी. दुसऱ्याच्या दुकानातली सुंदर मूर्ती आणून तिच्यावर साचा घेणे सिलिकॉनमुळे फार सोपे झाले आहे. ते करायचे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्पही येते, कलाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे. वस्तूच्या रूपाची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली करता येते. तिचे संरक्षण १० वर्षांचे आणि पुढे ५ वर्षे वाढवता येते. हा कायदा आपल्यालाही उपयोगी आहे. आपल्या गटाचे काजूचे बोंड उद्या कुणी उचलले तर आपल्या हातात कागद हवा.

हिशेबही साधा आहे. समजा एका साच्याला, मूळ धरून, तीन हजार रुपये लागले आणि त्यातून शंभर नग निघाले, तर नगामागे तीस रुपये साच्याचे झाले. मूळ जपून ठेवले आणि दुसरा साचा नुसत्या सिलिकॉनच्या खर्चात काढला, तर हाच आकडा खाली येतो. साचे झिजतात, फाटतात, मूळ मात्र टिकते. म्हणून मूळ वस्तू कापडात गुंडाळून गटाच्या पेटीत, हिशेबाच्या वहीशेजारी ठेवावी. एका गटाला खर्च झेपत नसेल तर चार गटांनी मिळून, प्रभागसंघाच्या बैठकीत ठराव करून, एक मूळ करावे. कुणी मूळ सांभाळायचे, कुणाला साचा किती दिवस द्यायचा, फाटला तर भरपाई कशी, हे आधीच वहीत लिहावे.

तेरच्या कारागिरांची नावे आपल्याला माहीत नाहीत. ज्यांनी ती पांढरी बाहुली घडवली त्यांचेही नाही आणि ज्यांनी साच्यात माती दाबली त्यांचेही नाही. त्या बाहुलीच्या केसांची बांधणी मात्र दोन हजार वर्षांनी अजून दिसते. आपल्या वस्तूंवर आपल्या गटाचे नाव असावे, एवढे आपण या पिढीत करू शकतो. साच्याच्या आतल्या बाजूला, उलट्या अक्षरांत, गटाचे नाव कोरून घ्या. म्हणजे प्रत्येक नगावर ते सरळ उमटेल.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एकच गोष्ट ठरवावी, आमची पहिली मूळ वस्तू कोणती? ठरली की आम्हाला कळवा.